यंत्र चालू स्थितीत आहे

नाशिक रोड
मंगळवार

आदरणीय चिंदरकर काका,

नमस्कार. तुम्ही मला ओळखणार नाही. मी मुणग्याच्या बाळा कोयंड्यांची मुलगी किशोरी, लग्नानंतरची सावंत. तुमचा पत्ता तुमच्याच आचऱ्याच्या धनेशने दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाला, "काकांका फोनार आयकाक येना नाय. लिवन धाड, ते उत्तर धाडतत." म्हणून कित्येक वर्षांनी पत्र लिहायला बसले आहे.

काम असे आहे. माझी आई काशीबाई मी चौदा महिन्यांची असताना तापाने गेली. बाबा तेव्हा बोटीवर होते. आईचा एकच फोटो आमच्याकडे होता, तुमच्या स्टुडिओचा शिक्का असलेला. जूनमध्ये बाबा पडवीत पडले, म्हणून मी त्यांना इकडे नाशिकला आणले. फोटो भिंतीवरून उतरवायला गेले तर चौकटीमागे वाळवी. हनुवटीखालचा भाग राहिला आहे, बाकी माती.

बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. हृदय थकले आहे, डॉक्टर मुदत सांगत नाहीत पण औषधे वाढवतात. डोके मात्र शाबूत. रोज सकाळी चहाच्या आधी एकच विचारतात, "तिका खंय ठेवलंस?" मी सांगते, दुरुस्तीला दिली आहे. मग चहा अर्धा ठेवतात. काका, बाबा आहेत तोवर तो फोटो भिंतीवर परत लावायचा आहे. तुम्ही जुन्या निगेटिव्ह जपून ठेवता आणि त्या कॉम्प्युटरवर घेण्याचे यंत्रही घरीच सांभाळता, असे धनेश म्हणाला.

आणखी एक, जमले तर. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात आईचा पदर ताणलेला दिसतो, कुणी ओढल्यासारखा. लहानपणी मी सगळ्यांना विचारायची, कोणी सांगायचे नाही. फोटो कधी काढला तेही कुणाला धड ठाऊक नव्हते. आईला जेमतेम पाहिलेली आत्या फोटोवरून एवढेच म्हणायची, "किशोरीक आवशीचे डोळे नाय गावले." खरे आहे. फोटोतले टपोरे, माझे बारीक.

तुमची,
किशोरी सावंत

———

आचरा तिठा
दिनांक १८ ऑक्टोबर २०२४

सौ. किशोरी सावंत यांस परशुराम रघुनाथ चिंदरकर याचा नमस्कार.

आपले पत्र पोचले. पत्रावर दिनांक नाही, तो घालीत जावा. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, परंतु त्या चार वर्षांत पत्रावर प्रथम दिनांक घालावा हे शिकविलेले होते.

आपल्या मातोश्रींची निगेटिव्ह शाबूत आहे. नोंदवहीतील क्रमांक अकराशे बेचाळीस. बटर पेपरच्या पाकिटात, पत्र्याच्या पेटीत आहे. वाळवी नाही, बुरशी नाही.

तथापि फोटो तयार होणे सध्या शक्य नाही. अंधारखोली मी सन २००४ मध्ये बंद केली. त्यानंतर कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओकडून जपानी फिल्म स्कॅनर विकत घेतला. कंपनीने हे यंत्र बनविणे सोडून पुष्कळ वर्षे झाली, सुटे भाग मिळत नाहीत. नव्या संगणकास ते जोडले जात नाही, म्हणून जुना संगणकही जिवंत ठेवावा लागतो. या जातीची सहा यंत्रे मी घरी दुरुस्त करून दिली आहेत, त्यांतील एक पणजीचे. मुद्दाम सांगतो, कारण माझ्या असमर्थतेचा प्रश्न नाही.

यंत्राच्या पोटात एक आरसा आहे, बोटाएवढा लांब. फिल्ममधून आलेला प्रकाश त्याच्यावर पडून पुढे जातो. खाऱ्या हवेने त्याच्यावर बुरशी धरते, मग पांढऱ्या भागाभोवती धुके दिसते. यासाठी यंत्र लाकडी पेटीत ठेवून आत पंधरा वॅटचा दिवा लावलेला असतो आणि ओल शोषण्यास भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या ठेवलेल्या असतात. त्या दर शनिवारी बदलाव्या लागतात. ते काम माझी पत्नी जानकी करीत असे. गेल्या नोव्हेंबरात ती वारली. पुरचुंड्या बदलल्या गेल्या नाहीत. आरशावर बुरशी आहे. यंत्र बंद आहे.

निगेटिव्ह मी टपालाने पाठविणार नाही. अन्यत्र स्कॅन करून घेण्याचाही आग्रह धरू नये. हल्लीचे लोक धूळ काढण्याची स्वयंचलित सोय चालू ठेवतात. ती रंगीत फिल्मसाठी आहे. कृष्णधवल फिल्मवर यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजते आणि पुसू लागते.

वडिलांस नमस्कार सांगावा.

आपला,
प. र. चिंदरकर

———

नाशिक रोड
२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,

दिनांक घातला आहे, बघा.

काकींचे वाचून वाईट वाटले. तुम्ही ते एवढ्या सरळ लिहिलेत की मी तीच ओळ दोनदा वाचली.

माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक दीपेश म्हणून आहेत, कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांना तुमचे पत्र वाचून दाखवले. म्हणाले, या काकांना मी काय शिकवणार, पण आरसा पुसता येतो. त्यांनी दिलेले सामान पार्सलने पाठवते आहे: आरशाचे औषध, बिनधाग्याच्या कापडाच्या घड्या, पांढऱ्या ग्रीसची नळी, आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पाकिटे. ती पाकिटे निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर तापवायची, पुन्हा निळी होतात. तांदळाचे काम हे करतील.

बाबांना सांगितले की आईची निगेटिव्ह सापडली, चिंदरकर काकांकडे आहे. खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "चिंदरकार म्हणजे तो आचऱ्याचो परशुराम मां? तो काय सामान्य न्हय. तो मेल्याचो फोटोव जितो करी." एवढे कौतुक त्यांनी जावयाचेसुद्धा कधी केलेले नाही! दिवाळीचे म्हणून एक लाडू पूर्ण खाल्ला.

पण रात्रीचे जेवण पुन्हा अर्धेच. ज्या भिंतीकडे तोंड करून बसतात तिथे मी खिळा मारून ठेवलाय. परवा म्हणाले, "खिळो बरो दिसता."

फोटोची तारीख तुमच्या नोंदवहीत असेलच. कळवाल का?

किशोरी

———

आचरा तिठा
दिनांक १४ नोव्हेंबर २०२४

सौ. किशोरी सावंत यांस नमस्कार.

पार्सल पोचले. सामान उत्तम प्रतीचे आहे. श्री. दीपेश यांस कळवावे की औषध कापडावर घ्यावे, आरशावर थेट थेंब टाकू नये, हे मला ठाऊक होते.

यंत्र उघडले. बाहेरचे सात स्क्रू, आतले अकरा. प्रत्येक थराचे स्क्रू फिल्मच्या रिकाम्या डबीत क्रमांक घालून ठेवतो, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर खालची पट्टी फुटते. आरसा पुसला. बुरशीचे ठिपके निघाले, दोन ठिकाणी वण राहिले आहेत. ते चित्रात येत नाहीत.

ज्या दांडीवरून फिल्मचा कप्पा सरकतो तिच्यावरील ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. खरवडून नवे लावले. तथापि मोटारीचा आवाज शुद्ध नाही आणि दातेरी पट्टा सैल वाटतो. सुट्या भागांसाठी ठेवलेल्या मेलेल्या यंत्रातील पट्टा याहून वाईट आहे. अशा स्थितीत आपली एकमेव निगेटिव्ह आत घालणे मला प्रशस्त वाटत नाही. कप्पा मध्येच अडकला तर फिल्म ओरखडेल. आणखी काही महिने जातील असे समजावे.

दाण्यांची पाकिटे ठेवली आहेत. मी तांदूळही ठेवले आहेत. पहिल्या वेळेस करपले.

आपले वडील माझ्याविषयी जे बोलले ते आपण लिहिले आहे. त्यांचे नेमके शब्द तेच होते काय, आणि ते कोणत्या अर्थाने बोलले, हे कृपया उलट टपाली कळवावे.

आपला,
प. र. चिंदरकर

———

नाशिक रोड
१ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,

बाबा चार दिवस दवाखान्यात होते. काल घरी आणले. पायांवर सूज आहे, बोलतात कमी. म्हणून उत्तराला उशीर.

त्यांचे शब्द तेच होते. अर्थ कोणता म्हणजे काय? कौतुकानेच म्हणाले असतील ना?

आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. माझा चुलतभाऊ सुशांत गेल्या बुधवारी दुपारी पट्ट्याचे माप विचारायला तुमच्याकडे आला होता. दार ओढलेले होते. त्याने हाका मारल्या, तुम्हाला ऐकू गेल्या नसणार. खिडकीतून त्याला यंत्राचा आवाज आला आणि तुम्ही पडद्यासमोर बसलेले दिसलात. तुमचे एवढे लक्ष होते की त्याला पुन्हा हाक मारवेना. आला तसा परत गेला. मला फोनवर म्हणाला, "गो, यंत्र बरा चलता. मोटार अशी वाजता जशी नवी."

काका, यंत्र चालते आहे तर मला का सांगत नाही? मी रात्रभर एकच विचार केला. निगेटिव्ह खराब झाली आहे ना? तुमच्या हातून ओरखडली असेल, किंवा आधीपासूनच बुरशी असेल आणि तुम्हाला सांगायला जड जात असेल. तसे असेल तर सरळ लिहा. मी दोष देणार नाही. बाबांना काय सांगायचे ते मी बघेन. पण आता महिने नाहीत आमच्याकडे.

तारीख विचारली होती, तीही तुम्ही कळवली नाही.

किशोरी

———

आचरा तिठा
दिनांक ९ डिसेंबर २०२४

सौ. किशोरी सावंत यांस नमस्कार.

निगेटिव्ह खराब झालेली नाही. यंत्र दिनांक १२ नोव्हेंबरपासून चालू स्थितीत आहे. मागील पत्रात मोटारीविषयी व पट्ट्याविषयी मी जे लिहिले ते खोटे होते. गिऱ्हाइकास खोटे सांगण्याचा माझा हा पहिला प्रसंग आहे.

आपण विचारलेली तारीख ६ मार्च १९८१. ही तारीख आपणांस पाठ असेल. आपल्या मातोश्री त्या दिवशी पहाटे वारल्या होत्या. मला सकाळी आठ वाजता बोलावणे आले.

त्या काळी असे बोलावणे येत असे. मुंबईतील मनुष्य दुसऱ्या दिवशी पोचे, बोटीवरील मनुष्य तीन-चार महिन्यांनी. तोपर्यंत त्याला पाहावयास काहीतरी असावे म्हणून फोटो काढीत. मी असे एकतीस फोटो काढले. आपल्या मातोश्रींस पडवीतील खुर्चीत बसविले होते. आपली आजी मागे वाकून त्यांच्या पाठीस आधार देऊन होती, ती फोटोत येत नाही. फोटो झाल्यावर आजी मला म्हणाली, "डोळे उघडे कर रे बाबा. माज्या झिलान बोटीवरसून येवन मिटलेले डोळे बघूचे नाय."

निगेटिव्हवर काम करण्याची विद्या मला होती. जे फोटोत काळे हवे ते पात्याने खरवडावे, जे पांढरे हवे ते पेन्सिलीने भरावे. सवाष्ण गेली म्हणून कपाळी मळवट भरला होता. तो पेन्सिलीने झाकून कुंकवाचा ठिपका तेवढा ठेवला. परंतु डोळे कसे काढावे ते मला सुचेना. त्या बाईंना मी जिवंतपणी कधी पाहिले नव्हते. दुसरा फोटो घरात नव्हता. आजीस विचारले तर ती रडू लागली.

मग मी जानकीला खिडकीजवळ बसविले आणि तिचे डोळे पाहून काढले. दोन दुपारी लागल्या. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, त्यात डोळा भाताच्या दाण्याहून लहान. घड्याळजीचे भिंग लावून केलेले काम आहे. याहून चांगले काम माझ्या हातून झाले नाही. त्याचा मी कोणाजवळ उल्लेख केलेला नाही, कारण ते काम दिसू नये हाच त्याचा गुण होता.

आपण ज्या डोळ्यांकडे पाहून मोठ्या झालात ते आपल्या आईचे नाहीत. ते माझ्या पत्नीचे आहेत.

अंधारखोलीत फोटो मोठा करणारे भिंग अशा रेघा थोड्या झाकून घेत असे. हे यंत्र काही झाकत नाही. पडद्यावर पेन्सिलीची प्रत्येक रेघ दिसते. आपणांस त्या दिसतील आणि सर्व कळेल, ही भीती मला पहिल्या पत्रापासून होती. आपले वडील जे म्हणाले त्यावरून त्यांना आधीच ठाऊक असावे असे वाटून मी अधिक घाबरलो.

तथापि यंत्र दुरुस्त झाल्यावर थांबण्याचे कारण ती भीती उरली नाही. रेघा पुसट होतील असे स्कॅन करणे सोपे आहे. मी तसे करून आपणांस त्याच आठवड्यात पाठवू शकलो असतो. कारण दुसरे आहे, ते लिहितो.

जानकीचे एकोणीस फोटो माझ्याकडे आहेत. एकोणिसांतही डोळे मिटलेले किंवा खाली आहेत. कॅमेरा समोर आला की तिची पापणी लवत असे. मी रागावत असे. ती म्हणे, "तुमी फोटो काढूचे सोडा नि नुसते बघा, मगे उगडे ठेवतंय." त्या दोन दुपारी कॅमेरा नव्हता. तिने डोळे उघडे ठेवले होते.

यंत्रावर चित्र एकदम येत नाही. वरून खाली ओळीओळीने उतरते. प्रथम केस, मग कपाळ, मग डोळे. चार मिनिटे लागतात. १२ नोव्हेंबरपासून मी रोज दुपारी जेवण झाल्यावर यंत्र चालू करतो आणि डोळे उतरेपर्यंत बसतो. नंतर बंद करतो. चित्र संगणकात जतन करता येते हे मला ठाऊक आहे. जतन केलेले नाही. निगेटिव्ह गिऱ्हाइकाची असते, त्याच्या परवानगीवाचून मी प्रत ठेवीत नाही. आपले काम पूर्ण करून निगेटिव्ह बाजूला ठेवली असती, तर पुन्हा यंत्रात घालण्यास मला कारण राहिले नसते. म्हणून काम पूर्ण केले नाही. आपले वडील दवाखान्यात होते त्या चारही दिवशी मी हेच करीत होतो.

पदराविषयी आपण विचारले होते. चौकटीत मावावा म्हणून तो फोटो मी खालून व डावीकडून कापला होता. निगेटिव्हमध्ये कापलेला भाग आहे. तेथे आपली मूठ आहे. आपणांस उचलून नेत होते, आपण पदर सोडीत नव्हता. शेवटी आजी म्हणाली, "ऱ्हवांदे, धरूं दी." तसाच फोटो काढला.

आता आपण सांगाल तसे करीन. डोळे आहेत तसे ठेवावे, की पेन्सिल धुऊन काढावी. खरवडलेले भरून येत नाही, परंतु पापण्या मिटविता येतील. हात अजून स्थिर आहे.

आपला,
प. र. चिंदरकर

———

नाशिक रोड
२४ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,

पत्र येऊन दहा दिवस झाले. मी ते कपाटात ठेवले, ऑफिसला गेले, डबे केले, बाबांच्या गोळ्या दिल्या. रडले वगैरे नाही. राग यायला हवा होता, त्याचीही वाट पाहिली. एकदा आरशासमोर उभी राहून स्वतःचे डोळे बघितले, तेवढेच.

बाबांना सांगायचे नाही असे ठरवले होते. पण काल सकाळी त्यांनी पुन्हा विचारले, "तिका खंय ठेवलंस?" तेव्हा माझ्याकडे खोटे उरलेच नव्हते. तुमचे पत्र सबंध वाचून दाखवले. ते मध्ये एकदाच बोलले, आजीच्या वाक्यावर: "ही माजी आवस."

नंतर म्हणाले, "डोळे तिचे न्हयत ह्या माका पयल्याच दिसाक कळला. नवरो मी तिचो. तिचे बारीक. तुजे आसत तसे."

मी म्हटले, "मगे त्रेचाळीस वर्सां बोललास कित्याक नाय?"

"कोणाक बोलतलंय? आवशीन माज्यासाठी येवढा केल्यान, ता मोडूचा? आणि खोलीत कोण तरी माज्याकडे बघी होता मां. बोटीवरसून येवन त्या घरात एकट्यान बसान बघ, मगे कळात."

थोड्या वेळाने विचारले, "परशुरामाची बायल गेली म्हणतंस?" मी हो म्हटले. बराच वेळ त्या खिळ्याकडे बघत होते. मग हे म्हणाले, जसेच्या तसे लिहिते: "त्रेचाळीस वर्सां ती माज्या भितीर रवली. आता तिका तिच्या घराक जांवदे. परशुरामाक सांग, डोळ्यांची पट्टी काढून घी म्हणान. माजी परवानगी आसा."

तर काका, आमचे म्हणणे असे. पेन्सिल धुवायची नाही. डोळे आहेत तसेच ठेवायचे, रेघा दिसल्या तर दिसू देत. फोटो कापायचा नाही, मुठीसकट सबंध हवा. आणि फोटोतली नुसत्या डोळ्यांची पट्टी तुम्ही स्वतःसाठी छापून घ्यायची. परवानगी लेखी हवी असणार तुम्हाला, म्हणून खाली बाबांची सही घेतली आहे. अक्षर वाकडे आले आहे, पण सही त्यांचीच आहे.

तुम्ही महिनाभर आमचे काम अडवून धरलेत, तेही माझ्या लक्षात आहे. ते मी विसरले असे समजू नका. लवकर पाठवा.

किशोरी

बा. सो. कोयंडे

———

आचरा तिठा
दिनांक ६ जानेवारी २०२५

चि. सौ. किशोरीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र व वडिलांची सही पोचली. सही नोंदवहीत क्रमांक अकराशे बेचाळीससमोर चिकटविली आहे. काम अडवून धरल्याचा जो दोष तू दिलास तो योग्य आहे.

दिनांक २८ डिसेंबर रोजी निगेटिव्ह पूर्ण आकारात स्कॅन केली. धूळ काढण्याची सोय बंद ठेवली. कापलेले काही नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने कणकवलीस जाऊन फोटो छापून घेतला. तेथील मनुष्य म्हणाला, "काका, ह्या डोळ्यांकडे रेघो दिसतत, काढून टाकू?" मी म्हटले, "हात लावू नये." तो छापून होईपर्यंत मी यंत्राजवळ उभा होतो.

मूठ स्पष्ट आली आहे. अंगठा आत आणि चार बोटे बाहेर आहेत. नखांत माती आहे.

फोटो आणि मूळ निगेटिव्ह सुशांतच्या हाती दिली आहेत. तो गुरुवारी नाशिकला येत आहे. निगेटिव्ह यापुढे तुमच्याकडे राहील. पाकीट उघडताना बोटे कडेला लावावी. चौकटीच्या मागे कडुलिंबाचा पाला घालू नये, त्याची ओल धरते. जाड पुठ्ठा घालावा आणि फोटो भिंतीपासून बोटभर पुढे टांगावा, म्हणजे वाळवीस वाट मिळत नाही. तू मारलेला खिळा बहुधा आखूड पडेल. लांब मारावा.

वडिलांस माझा नमस्कार सांगावा. त्यांना आणखी काही सांगावेसे वाटते, परंतु ते पत्रात लिहिता येण्यासारखे नाही. त्यांना कळेल.

पट्टी छापून घेतली. दोन बोटे उंच, वीतभर लांब. जानकी समोर पाहते आहे. पापणी लवलेली नाही. भिंतीवर लावली नाही, उन्हाने व खाऱ्या वाऱ्याने कागद पिवळा पडतो. यंत्राच्या पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने लावली आहे. आत पंधरा वॅटचा दिवा असतो, तो चोवीस तास चालू असतो. यंत्राचे आता काम नाही, म्हणून ते रोज लावीत नाही. तथापि तांदूळ दर शनिवारी बदलावे लागतात, त्यासाठी झाकण उघडावेच लागते. आता करपत नाहीत.

यंत्र चालू स्थितीत आहे.

तुझा,
परशुराम चिंदरकर